शाकारणीच्या आधी कोटेशनात एक ओळ: कारखानदार सभासदांना एका पत्रेवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
सर्व कारखानदार सभासद,
आपल्या औद्योगिक वसाहतीची लघुउद्योजक संघटना

विषय: मृगाच्या आधीची छतदुरुस्ती

सप्रेम नमस्कार.

मृग ७ जूनच्या आसपास लागतो. त्याआधीच्या चार-पाच आठवड्यांत तुमच्यापैकी निम्म्या लोकांचा तरी मला फोन येतो, आणि वाक्य ठरलेलं असतं: “भट्टीवर गळतंय, माणूस पाठवा.” एकतीस वर्षं झाली, मी माणूस पाठवतोय. कोल्हापूरजवळच्या शिरोलीपासून कागलपर्यंत अशी वसाहत नसेल जिथल्या एखाद्या तरी शेडवर माझी पोरं चढलेली नाहीत. तुमच्यातल्या अनेकांच्या पहिल्या शेडचा ट्रस, म्हणजे छताचा लोखंडी सांगाडा, माझ्याच वर्कशॉपात वेल्ड झाला. म्हणून हे पत्र बाहेरच्या कुणा शहाण्याचं समजू नका. तुमच्याच हिशेबाच्या वहीत ज्याचं नाव आहे, अशा माणसाचं हे पत्र आहे. आणि यात पहिला दोष मी माझ्या पदरात घेणार आहे.

तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. फाउंड्री, म्हणजे धातू ओतायचा कारखाना, कुणाची ते लिहीत नाही. मालक आज हयात नाहीत आणि माणूस वाईट नव्हता. मे महिन्यातला सुट्टीचा दिवस. छताची कामं सुट्टीच्याच दिवशी निघतात, कारण खाली भट्टी बंद असते, क्रेन उभी असते, कुणाच्या डोक्यावर काही पडायची भीती नसते. त्यामुळे खाली कुणीच नसतं. सुपरवायझर नाही, स्टोअरकीपर नाही, गेटवर एक म्हातारा वॉचमन. वर माझी तीन पोरं. सकाळी सहाला चढली होती, कारण दहानंतर पत्र्यावर हात टेकवत नाही. नऊच्या सुमारास त्यातला एक, चोवीस वर्षांचा, नवा पत्रा सरकवायला दोन पावलं मागं आला आणि दिसेनासा झाला. वरच्या दोघांना आधी वाटलं, खाली वाकलाय. आवाज नंतर आला.

खाली मोल्डिंगच्या पेट्या रचलेल्या होत्या. बावीस फूट.

तो वाचला. कमरेखालचं गेलं. दवाखान्याचा पहिला खर्च मालकांनी केला, पुढं “ठेकेदाराचा माणूस” हा शब्द आला, मग मी दोन लाख दिले, मग पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात समजुतीचा कागद झाला. त्या कागदावर पोराच्या वडिलांचा अंगठा आहे. सही येणाऱ्या माणसाचाही अंगठा घेतला होता. का, ते मला आजवर कळलेलं नाही.

आता माझा दोष. त्या कामाचं मी पहिलं कोटेशन दिलं, त्यात सात ओळी होत्या: पत्रे, जे-हूक (पत्रा धरणारे लोखंडी आकडे) आणि वॉशर, मोभाचे पत्रे, पन्हळ साफ करणं, मजुरी, वाहतूक, आणि सातवी ओळ “चालायच्या फळ्या, शिड्या व जाळी – १४,०००”. एकूण रक्कम लाखाच्या आत-बाहेर. मालक म्हणाले, दुसऱ्याचं कोटेशन कमी आहे. मी घरी आलो, सातवी ओळ खोडली आणि काम घेतलं. कुणी मला ती खोडायला सांगितलं नव्हतं. पण सात ओळींमधली कुठली खोडली तर मालकाला फरक कळणार नाही, हे मला सांगावं लागत नव्हतं. पत्रा कमी टाकला तर पहिल्या पावसात कळतं. फळी कमी टाकली तर, नशीब असेल तर, कधीच कळत नाही.

माझे वडील राधानगरीकडच्या खेड्यांतून घरं शाकारत फिरायचे. उन्हाळा संपता संपता त्यांना श्वास घ्यायला सवड नसे. मी लहानपणी खालून कौलं वर द्यायचो. वडील वर जाताना एक वेळूची शिडी भिंतीला लावायचे आणि दुसरी शिडी खांद्यावर घेऊन चढायचे. ती दुसरी ते छपराच्या उतारावर निजवायचे, वरचं टोक आढ्याला दोरानं बांधायचे आणि तिच्यावरूनच फिरायचे. कौलावर थेट पाय टाकला की आजोबा खालून ओरडायचे. त्यांना कौल फुटायची चिंता असेल, माणसाची असेल, मला माहीत नाही. पण वजन एका जागी पडू द्यायचं नाही, हे त्या घरात तीन पिढ्या ठाऊक होतं.

आणि समजा पाय पडलाच, कौल फुटलंच, तरी काय व्हायचं? मंगळुरी कौलाच्या छपराला रिपा साधारण फुटाच्या अंतरावर असतात, त्यांच्याखाली वासे. पाय मांडीपर्यंत आत जायचा, नडगी सोलवटायची, घरातली म्हातारी शिव्या घालायची. माणूस रिपा-वाशांच्या चौकटीत अडकायचा. जुनं छप्पर गळायचं, पण माणसाला धरून ठेवायचं.

आता तुमची शेड आठवा. सिमेंटचा पत्रा सहा मिलिमीटर जाडीचा. तो टेकतो पर्लिनवर, म्हणजे ट्रसवरच्या आडव्या लोखंडी पट्टीवर; एका पर्लिनपासून दुसऱ्या पर्लिनपर्यंत अंतर साडेचार फूट. मध्ये काहीही नाही. पत्रा फुटला तर त्या साडेचार फुटांतून माणूस आरामात जातो. वीस फुटांवरून खाली यायला एक सेकंद आणि वर थोडं लागतं, जमिनीला टेकतो तेव्हा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या जवळ असतो. ओरडायलाही वेळ नसतो, म्हणूनच त्या दिवशी वरच्या दोघांना त्याचं ओरडणं ऐकू आलं नाही.

वीस फूट म्हटलं की मला दहीहंडी आठवते. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयानं हंडीला वीस फुटांची मर्यादा घातली तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रात किती वाद झाला, आठवतंय ना? पुढं मर्यादा उठली, गोविंदांना विमा आला, वरच्या थरातल्या पोराला दोर आणि हेल्मेट आलं. चांगलंच झालं. पण तो गोविंदा वर्षातून एकदा चढतो, खाली शेकडो हात असतात आणि टीव्हीवाले असतात. माझं पोर मे महिन्यात रोज वीस फुटांवर असतं. खाली मोल्डिंगच्या पेट्या.

सिमेंटचा पत्रा नवा असताना एखाद्याचं वजन घेतो, म्हणून पोरांना धीर येतो. वीस-पंचवीस वर्षं ऊन-पाऊस खाल्लेला पत्रा मात्र खाकऱ्यासारखा झालेला असतो आणि तसं तो दाखवत नाही. शेवाळ, धूळ, जुन्या डांबराचे थर, त्यावर मागच्या वर्षी कुणीतरी मारलेला पांढरा वॉटरप्रूफ रंग. त्या रंगानं पत्र्याचे तडे बुजतात, म्हणजे दिसायचे बंद होतात.

त्याहून वाईट फायबरचा पत्रा. उजेडासाठी मध्ये मध्ये टाकतो तो. उन्हानं दोन-चार वर्षांत त्याचा जीव जातो. आपल्याकडं फाउंड्रीची काजळी वर बसते, मग वरून फायबर आणि सिमेंट एकाच रंगाचे, एकाच नागमोडीचे. खालून बघा, तो चकाकणारा चौकोन आंधळ्यालाही दिसेल. वर उभ्या असलेल्याला तो दिसत नाही. माझं पोर अशाच एका चौकोनातून गेलं. शेडमध्ये रोज त्या चौकोनाखाली उभं राहून चहा पिणाऱ्या वीस माणसांना तो कुठं आहे हे तोंडपाठ होतं. चढणाऱ्याला ते सांगायचं कुणाच्या मनात आलं नाही, आणि त्या दिवशी सांगायला तिथं कुणी नव्हतंही.

आमच्या धंद्यात नव्या पोराला पहिला धडा देतात: “बोल्टच्या रांगेवरून चाल.” म्हणजे जे-हूकच्या रेषेखाली पर्लिन असते, तिथं पत्रा पक्का. मीही हा धडा शेकडो पोरांना दिला. अर्धवट खरा आहे, आणि म्हणूनच घातक आहे. पर्लिन रुंदीला तीन-चार बोटं. दहा फुटी पत्रा चाळीस किलोच्या घरातला. दोघांनी उचलला की स्वतःचे पाय दिसत नाहीत. वारा आला की पत्र्याचं शीड होतं आणि तो माणसाला न्यायचं तिकडं नेतो. स्लीपर घसरते म्हणून पोरं अनवाणी चढतात, मग पाय भाजतो म्हणून पाऊल भलतीकडं पडतं. दिवसभरात हजार-दीड हजार पावलं टाकायची आणि एकही त्या तीन बोटांबाहेर पडू द्यायचं नाही, अशी ही अट आहे. तुम्ही मशिनवर असा टॉलरन्स मागाल आणि गेज देणार नाही, तर ऑपरेटर काय म्हणेल?

“मग बेल्ट लावायला सांगा की,” असं तुमच्यापैकी बरेच जण म्हणतात, आणि सांगतातही. गेटवर बेल्ट बघून आत सोडतात. मोठ्या कंपनीचं ऑडिट असलं की फोटोही काढतात. बेल्टबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथंच होते.

पहिलं, कमरेचा पट्टा म्हणजे बेल्ट नव्हे. पडताना सगळा हिसका कमरेवर आला की बरगड्या आणि मणका जातो. खांदे-मांड्या धरणारा पूर्ण हार्नेसच हवा, आणि त्यावर आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का हवा. रस्त्यावर तीनशे रुपयांत मिळतो तो दप्तराचा पट्टा आहे.

दुसरं, हूक अडकवायचा कशाला? सपाट पत्र्यावर माणसाच्या उंचीला काहीही नसतं. मग पोरं हूक पायाशी जे-हूकला अडकवतात. तो जे-हूक पत्रा धरायला केलाय. पडणारा माणूस धरायला नाही. समजा अगदी ट्रसला पक्का अडकवला. आता हिशेब करा. दोर सहा फूट, म्हणजे १.८ मीटर. हिसका सोसणारी शिवण उलगडली की जवळजवळ पावणेदोन मीटर आणखी. पाठीवरच्या कडीपासून तळपायापर्यंत दीड मीटर. खाली मीटरभर मोकळी जागा हवी. सगळं मिळून सहा मीटर, म्हणजे वीस फूट. आपल्या बऱ्याच शेडची पन्हळीपाशी उंची सोळा-अठरा फूट, आणि खाली मशीन असली तर त्यातून पाच फूट वजा. म्हणजे बेल्ट घातलेला, हूक अडकवलेला, फोटो काढलेला माणूस जमिनीवर आपटल्यावर त्याचा दोर ताणला जाणार. कमी उंचीच्या शेडवर दोर इतका आखूड बांधावा लागतो की माणूस कडेपर्यंत किंवा फायबरपर्यंत पोहोचूच नये. वर आडवी लाइफलाइन टाकायची तर तारेचा दोर, दोन्ही टोकं ट्रसला, आणि तो पत्र्याच्या कडेवर घासणार नाही अशी सोय. सुताचा दोर पत्र्याच्या धारेवर ऊस कापल्यासारखा कापतो, मी पाहिलंय.

तिसरं कुणीच विचारत नाही. माणूस पडला, बेल्टनं धरला, लटकला. आता त्याला खाली कोण आणणार? लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचतं, थोड्या मिनिटांत भोवळ येते, आणि तसाच राहिला तर बेल्टमध्येच जीव जाऊ शकतो. सुट्टीच्या दिवशी एकटा वॉचमन शिडी शोधेपर्यंत किती मिनिटं लागतील, हे ज्यानं त्यानं आपापल्या शेडमध्ये करून बघावं.

म्हणून बेल्ट हा शेवटचा उपाय आहे. त्याच्या आधी विचारायचे प्रश्न साधे आहेत, आणि ते मला विचारू नका, माणूस वर चढवायच्या आधी स्वतःला विचारा. वर जावंच लागतंय का? फायबरचा तुकडा बदलायचा असेल तर पुष्कळदा खालून, चाकाच्या परांचीवर उभं राहून काम होतं. माणसाला वर उचलणारी सिझर लिफ्ट भाड्यानं मिळते. गळती पन्हळ तुंबल्यानं असेल तर बाहेरच्या बाजूनं परांची लावून पन्हळ साफ होते, पत्र्यावर पायच द्यायचा नाही. निम्म्या तक्रारी पन्हळीच्या असतात हे मी तुम्हाला छातीवर हात ठेवून सांगतो. पाच आठवड्यांत माझा निम्मा धंदा बुडेल, तरी सांगतो.

जावंच लागत असेल तर फळ्या. वडिलांची ती निजवलेली शिडी, एवढंच. दोन फूट रुंद, पाठीला आडव्या पट्ट्या मारलेल्या, किमान दोन-तीन पर्लिनांवर टेकणाऱ्या, मोभाला अडकवलेल्या. एका फळीवरून दुसरीवर, आणि तिसरी पुढं सरकवायला. म्हणजे माणसाला पत्र्यावर कधी उभंच राहावं लागत नाही. दोन फळ्या देऊन काम काढणारा ठेकेदार तुम्हाला फसवतोय, कारण फळी हलवायला पोरगं पत्र्यावरच उतरणार. आणि फळीच्या खाली, पर्लिनीला लागूनच, जाळी. जमिनीपासून पाच फुटांवर बांधलेली जाळी दिसायला छान दिसते. माणूस मात्र तोपर्यंत पंधरा फूट पडून आलेला असतो. जाळी जितकी वर तितकी खरी.

फायबरच्या पत्र्यांवर मात्र फळीच्याही भरवशावर राहू नका. जिथं जिथं फायबर आहे तिथं काम चालू असताना वर प्लायवूड झाकून, बांधून टाकायचं. नुसतं ठेवायचं नाही, कारण वाऱ्यानं उडालेलं प्लायवूड खाली येताना कुणाला तरी घेऊन येतं.

ज्यांची नवी शेड उभी राहतेय त्यांच्यासाठी एकच विनंती. फायबरचा पत्रा टाकायच्या आधी त्या चौकटीत वेल्डमेश जाळी पर्लिनीला बसवून घ्या. बांधतानाच केलं तर खर्च इतका किरकोळ की शेडच्या पूजेच्या जेवणात निघतो. नंतर करायचं तर पत्रे काढावे लागतात. ऑस्ट्रेलियात पत्र्याखाली अशी जाळी अंथरून मगच छप्पर टाकायची रीत आहे. आपल्याकडं मोठ्या कंपन्यांच्या नव्या शेडवर ती दिसायला लागलीय. लहान शेडवर मी गेल्या काही वर्षांत स्वतःहून सुचवतो. दहापैकी एक जण हो म्हणतो, आणि तो एक बहुधा असा असतो की ज्याच्या नात्यात कुणीतरी पडलेलं असतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, तुमच्याकडं कन्सल्टंट आहेत. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३२ मध्ये उंचीवर काम करणाऱ्याला पडण्यापासून वाचवायची सोय करा, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि विजेवर चालणाऱ्या कारखान्याची केंद्रीय कायद्यातली व्याख्या १० वरून २० कामगारांवर गेली. त्या आठवड्यात आपल्या चहाच्या टपरीवर “सुटलो एकदाचे” असं मी दोघांच्या तोंडून ऐकलं. ते सुटलेले नाहीत. जिथं १० कामगार आहेत त्या आस्थापनेला संहितेतली मालकाची कर्तव्यं लागू होतातच, आणि निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ माणसं मोजत बसत नाही.

पैशाचंही ऐका, कारण मलाही तुमच्यासारखं पैशातच नीट कळतं. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातलं सूत्र नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आलंय: मृताच्या महिन्याच्या पगाराचा निम्मा, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. तीस वर्षांच्या माणसाचा आकडा २०७.९८ आहे. महिना पगार १५,००० धरला तर १५ लाख ५९ हजार ८५० रुपये होतात. ते ठेकेदारानं द्यायचे की मालकानं, छतदुरुस्ती हा मालकाच्या धंद्याचा भाग की नाही, यावर दोन वकील कितीही वर्षं भांडू शकतात. दरम्यान बाई घरी बसून असते. आणि माझी १४,००० ची ओळ.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचंही एक कबूल करतो. आमची पोरं तिथं नोंदणीला पात्र आहेत. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि नोंदणी असेल तर कामावर मृत्यू झाल्यावर घरच्यांना पाच लाख मिळतात. तो दाखला मागायला पोरं आली की मी कित्येक वर्षं “बघू, बघू” करत टाळत आलो, कारण दाखला दिला की माझ्याकडं एवढी माणसं आहेत हे कागदावर येतं. तीन वर्षांपासून देतो. तुमच्या गेटवर छताचं काम करायला कुणी आलं तर बेल्टचा फोटो काढण्याआधी ते कार्ड आहे का विचारा.

दरवर्षी ४ मार्चला आपण राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा करतो. बॅनर, हिरवा झेंडा, शपथ, पोस्टर स्पर्धेची बक्षिसं, वडापाव. मी दोनदा प्रमुख पाहुण्यांशेजारी बसलोय. पण ४ मार्चला कुणाच्या छतावर कुणी नसतं. सुरक्षेचं काही म्हणायचंच असेल तर ते मे महिन्यात, कोटेशन उघडताना म्हणायला हवं.

म्हणून माझी संघटनेकडं मागणी एकच आहे, आणि ती भाषणाची नाही. यंदाच्या वार्षिक सभेत असा ठराव करा की, छतावरच्या कुठल्याही कामाच्या कोटेशनात फळ्या, जाळी आणि खाली उभा राहणारा एक माणूस, यांची रक्कम वेगळ्या ओळीत असेल; ती ओळ नसलेलं कोटेशन उघडून बाजूला ठेवलं जाईल; आणि त्या एका ओळीवर घासाघीस होणार नाही. बाकी सहा ओळींवर मला हवं तेवढं सोलून घ्या, मी सवयीचा आहे. मुद्दा असा की आज जो ठेकेदार फळ्या आणतो तो महाग पडतो आणि काम गमावतो. मी गमावलेली आहेत. गेल्या मे महिन्यात दोन, त्याच्या आधीच्या वर्षी पाच. ती कामं ज्यांनी घेतली त्यांच्या पोरांना मी वर अनवाणी चालताना पाहिलं आणि रस्त्यावरून गाडी पुढं घेतली. त्यांना दोष देत नाही. तेरा वर्षांपूर्वी मीच तो होतो. हे सगळ्यांना एकदम लागू झालं तरच टिकेल, एकट्यादुकट्याच्या चांगुलपणावर नाही.

काही जण म्हणतील, पोरंच फळ्या वापरत नाहीत, वेळ जातो म्हणून. खरं आहे. त्यांना आम्ही पत्र्याच्या नगावर पैसे देतो. फळी सरकवायला जेवढा वेळ जातो तेवढे पत्रे कमी, तेवढी हजेरी कमी. मी आता छताचं काम रोजावर देतो, नगावर नाही. काम दोन दिवसांचं तीन दिवसांवर जातं. ते तिसऱ्या दिवसाचे पैसेही त्या सातव्या ओळीतच आहेत, लपवून ठेवत नाही.

ठरावाला वेळ लागेल, जून थांबणार नाही. तोपर्यंत एवढं करा. उद्या सकाळी लाइट लावायच्या आधी शेडमध्ये एकटे उभे राहा आणि वर बघा. चकाकणारे चौकोन मोजा. एका कागदावर शेडचा आराखडा काढून प्रत्येक चौकोनावर फुली मारा, आणि जो कुणी वर चढणार असेल, माझा असो की दुसऱ्याचा, त्याच्या हातात तो कागद द्या. बाहेरून प्रत्येक फुलीच्या रांगेत, पन्हळीच्या खाली भिंतीवर लाल रंगाचा पट्टा मारा, म्हणजे शिडीवरून वर येतानाच त्याला कळेल की या रांगेत फायबर आहे. अर्ध्या तासाचं काम आहे. कागद फाटका चालेल.

माझं सात ओळींचं कोटेशन कोऱ्या नमुन्यात संघटनेच्या ऑफिसात ठेवलंय. ज्यांना माझ्याकडून काम करून घ्यायचं नाही त्यांनीही ते न्यावं आणि दुसऱ्या ठेकेदाराच्या पुढं ठेवावं.

कळावे,
आपल्याच वसाहतीतला एक फॅब्रिकेटर

ता. क. – तेरा वर्षांपूर्वी पडलेल्या त्या पोराचं आता वय सदतीस. गावात मोबाइल रिचार्जचं दुकान होतं, लोक आपापल्या फोनवरूनच रिचार्ज करायला लागल्यावर ते बसलं. कॉम्प्युटरवर बिलं आणि स्टॉकचं रजिस्टर त्याला चांगलं जमतं. ज्यांच्या ऑफिसच्या दारात पायऱ्या नाहीत, किंवा ज्यांना त्या तीन पायऱ्यांच्या जागी उतार करून घ्यायचा आहे, त्यांनी कळवावं. उतार मी करून देईन, त्याचं कोटेशन नाही.